हसू डोळ्यांत असतं

रवी परांजपे बेळगावात के. बी. कुलकर्णींकडे चित्रकला शिकले. मी मात्र इंजिनिअर, यूट्यूबवरून शिकतोय. आईचा फोटो समोर ठेवून ओठ हसरे काढले, तरी चेहरा हसेना!

मग कळलं, मनापासून हसताना गाल वर सरकतात, डोळे बारीक होतात, कडेला सुरकुत्या पडतात. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय: ओठ ठरवून हसवता येतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा ऐकत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "मी मजेत आहे रे." ओठ हसले, डोळे नाहीत. शनिवारी निपाणीची गाडी पकडली. दारात मला बघून डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. तेच चित्र जमलं.

तुम्हीही घरातला एक चेहरा नीट बघा.