रात्रपाळीचा निवडुंग

फड्या निवडुंग मराठी मुलखाला नवा नाही. गावाबाहेरच्या माळावर, बांधावर, पडक्या वाड्यामागे तो उभा असतो, आणि लहानपणी त्याची बोंडं खाऊन जीभ लाल करून घेतलेली माणसंही ठिकठिकाणी भेटतात. पण ‘निवडुंगाची शेती’ म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. खरं तर पाण्याचा हिशेब या झाडाइतका चोख ठेवणारं पीक आपल्या कोरडवाहू रानात दुसरं नाही.

त्याचा एखादा फडा जवळून बघा. पान वाटतं, पण ते आहे खोड. खरी पानं कोवळ्या फड्यावर येतात, जेमतेम काही मिलिमीटरची, आणि थोड्याच दिवसांत गळून जातात. फड्यावर तिरप्या ओळींत ठिपके दिसतात. काटे, फुलं आणि नवे फडे या ठिपक्यांमधूनच फुटतात, आणि फडा मातीला टेकला तर मुळंसुद्धा! बिनकाट्याचा म्हणून जो वाण विकतात, त्याच्याही ठिपक्यांत बहुधा बारीक कुसळं असतात. बोटात शिरली की दिसत नाहीत, निघतही नाहीत. तेव्हा हात लावण्याआधी हातमोजे घालावेत.

कमाल मात्र आत चालते. गहू, कापूस, तूर ही पिकं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंगाने रात्रपाळी पत्करली आहे. हवा गार झाली की तो छिद्रं उघडतो, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि सकाळी दारं लावून घेतो. दिवसभर बंद दाराआड ते आम्ल मोडून, उन्हाच्या जोरावर साखर तयार होते. त्यामुळे तेवढंच कोरडं वजन तयार करायला त्याला इतर पिकांच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतकं पाणी पुरतं.

या रात्रपाळीचा माग भारतातच लागला होता, तोही जिभेने. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी चुक्यासारखी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट! त्यांचं हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने 1815 साली छापलं. पानफुटी आणि निवडुंग यांचं कुळ वेगळं, पण युक्ती एकच.

फड्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने एक हेक्टर निवडुंग 180 टनांपर्यंत पाणी धरून ठेवतो. म्हणजे दुष्काळात जनावराला चारा आणि पाणी एकाच तुकड्यात. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या पट्ट्यात दुभती जनावरं लाखो हेक्टरांवरच्या याच चाऱ्यावर उन्हाळा काढतात. मात्र यात प्रथिनं कमी. नुसता निवडुंग घातला तर जनावराला हगवण लागते. कापून, कडब्यात मिसळून आणि जोडीला थोडी पेंड देऊनच तो खाऊ घालावा.

आता एका किड्याची गोष्ट. निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनियल किड्यापासून किरमिजी रंग मिळे, आणि त्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडायला 1795 साली ब्राझीलहून किडे बंगालमध्ये आणले गेले. आला भलताच! रंग हलका, भूक मात्र जबर. निवडुंगाची एक जात त्याने जवळजवळ संपवली. तो धडा लक्षात ठेवून 1926 साली त्याच्या एका भाऊबंदाला श्रीलंकेतून मुद्दाम आणलं, माजलेला रानटी निवडुंग मारायला. दक्षिण भारतातली रानं मोकळी झाली. आज तोच भाऊबंद ब्राझील आणि मोरोक्कोतल्या निवडुंगाच्या शेतांचा काळ झाला आहे. फड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर चिरडून बघा. बोट लालभडक झालं की तो फडा तोडून जाळा.

आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1980च्या दशकातच बिनकाट्याचे वाण अमेरिकेतून आणले होते. तरीही तो आपल्या शेतात रुजला नाही, याचं नवल वाटतं. ज्वारी मोडून निवडुंग लावा असं कुणीही सांगणार नाही. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत तो कुजतोच. पण जिथे कुसळी गवताखेरीज काही येत नाही असा मुरमाड तुकडा असेल, तर तिथे दहा-वीस फडे लावून बघायला हरकत नाही. कापलेला फडा सावलीत दोन-तीन आठवडे सुकू द्या, जखमेवर खपली धरली की निम्मा पुरून उभा करा, आणि पहिली दोन वर्षं शेळ्यांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नका.