कड्या नसलेली दारे : पीसीवरचे सुरुवातीचे युनिक्स

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९९० च्या दशकात ‘अनुपम’ मालिकेतील समांतर संगणक बांधले गेले. आरंभी त्यांत इंटेलचे आय-८६० प्रोसेसर होते, पुढे पेन्टियमचे साधे पीसी आले. मोठ्या गणिताचे तुकडे करून ते अनेक प्रोसेसरांना वाटायचे आणि सारे मिळून तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस चालू द्यायचे, अशी ही पद्धत. पेन्टियमच्या पिढीत या कामासाठी युनिक्सच्याच वळणाची लिनक्स ही कार्यप्रणाली वापरली गेली. पण त्याआधी दहा-बारा वर्षे पीसीवरच्या युनिक्सवर असे काम सोपवा म्हटले असते, तर जाणकार हसले असते. एवढा अविश्वास का होता?

युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. पीडीपी-११ या मिनिसंगणकावर ती वाढली. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि एकाचा प्रोग्राम फसला तरी दुसऱ्याला झळ लागू नये, ही तिची अपेक्षा. मात्र ही अपेक्षा नुसत्या सॉफ्टवेअरने पुरी होत नाही. प्रत्येक प्रोग्राम आपल्याच वाट्याच्या स्मृतीत लिहितो आहे ना, हे दर वेळी तपासणारा पहारेकरी प्रोसेसरच्या जोडीला यंत्रातच असावा लागतो. पीडीपी-११ च्या मोठ्या नमुन्यांत तो होता.

१९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीच्या ८०८८ प्रोसेसरमध्ये तो नव्हता. या प्रोसेसरचा पत्ता २० बिटांचा, म्हणजे एकूण १०,४८,५७६ बाइट. ‘खंडाचा आकडा गुणिले १६ अधिक अंतर’ अशा बेरजेने तो तयार होई. अंतराचा आकडा १६ बिटांचा असल्यामुळे एका खंडात ६५,५३६ बाइट मावत. युनिक्स प्रत्येक प्रोग्रामला वेगळा खंड देई खरा, पण खंडाचा आकडा बदलण्याची मुभा त्या प्रोग्रामलाही होती! चाळीतल्या खोल्या वेगळ्या, पण दारांना कड्याच नाहीत, असा हा प्रकार.

यातून काय घडू शके ते पाहा. पीसीच्या स्मृतीच्या अगदी आरंभी १,०२४ बाइटांचे एक कोष्टक असते. घड्याळाचा ठोका पडला किंवा कळ दाबली गेली, की कोठे जायचे याचे पत्ते त्यात असतात. ३२ ते ३५ हे बाइट घड्याळाचे, ३६ ते ३९ कीबोर्डचे. भरकटलेल्या एखाद्या प्रोग्रामने तेथे एक आकडा लिहिला, की कीबोर्ड मुका होई किंवा सारे यंत्रच गोठे. शिव्या मात्र युनिक्सला!

१९८२ च्या ८०२८६ मध्ये पहारेकरी आला, पण खंड ६४ किलोबाइटचाच राहिला. या प्रोसेसरवर मायक्रोसॉफ्टची झेनिक्स ही युनिक्सची आवृत्ती बरीच चालली. गणित करणाऱ्याला त्या मर्यादेचा काच कसा होई, हे विद्यार्थ्यांना सहज काढता येईल. एका दशांश संख्येला ८ बाइट धरले, तर ९० × ९० च्या सारणीला ६४,८०० बाइट लागतात. ती एका खंडात मावते. ९१ × ९१ ला ६६,२४८ लागतात. ती मावत नाही. मग एक तर सारणी तोडा किंवा संथ गती सोसा. शिवाय अशा प्रणालींबरोबर सी भाषेचा कंपायलर आणि जाळ्याला जोडण्याचे सॉफ्टवेअर पुष्कळदा वेगळे विकत घ्यावे लागे. कंपायलरविना युनिक्स म्हणजे विळीविना स्वयंपाकघर.

गाठ सुटली ती १९८५ च्या ८०३८६ ने. त्यात ३२ बिटांचे पत्ते होते आणि स्मृतीची चार-चार किलोबाइटची पाने पाडून प्रत्येक पानावर परवानगीची खूण ठेवण्याची सोय होती. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ च्या आरंभी असा पीसी घेतला. अँड्र्यू टॅननबॉम यांची मिनिक्स (१९८७) शिकवण्यासाठी लिहिलेली, ८०८८ वरही चालणारी. नव्या प्रोसेसरची ताकद ती वापरत नव्हती. त्या असमाधानातून त्याच वर्षी लिनक्स सुरू झाली. ८०३८६ पेक्षा जुन्या पीसीवर ती चालतच नसे, आणि माझ्या मते तिचे निम्मे यश या हट्टात आहे.

एक दुखणे मात्र उरले होते. युनिक्स वेगासाठी डिस्कवरचे लिखाण काही सेकंद स्मृतीतच साठवून ठेवते. नेमकी तेव्हा वीज गेली, की फायली अर्धवट राहत; यंत्र पुन्हा सुरू करताना सारी डिस्क तपासावी लागे. मोठ्या यंत्रांना वातानुकूलित खोली आणि अखंड वीज मिळे, पीसी मात्र टेबलावर, भिंतीतल्या साध्या प्लगवर. यावरचा उपाय आपल्या दुकानदारांना ठाऊक असलेलाच निघाला : खतावणीत हात घालण्याआधी रोजकीर्दीत नोंद करायची. वीज गेलीच, तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत ही सोय असलेली ईएक्सटी-३ फाइलप्रणाली २००१ मध्ये दाखल झाली.

पहारेकऱ्याचे काम वर्गात दाखवता येते. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर, शून्य या पत्त्यावर एक आकडा लिहिणारा दोन-तीन ओळींचा प्रोग्राम सी भाषेत लिहून चालवावा. पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोनच शब्द उमटतील आणि तेवढा प्रोग्राम संपेल. घड्याळ, कीबोर्ड आणि शेजारच्या खिडकीतले काम चालूच राहील.