जमीन स्वस्त, पाणी महाग

आपले अन्न आपणच पिकवावे आणि संकटकाळासाठी सज्ज राहावे, या विचाराने अमेरिकेतील अनेक कुटुंबे ग्रामीण भागात जमीन घेतात. अशा भागाची पारख कशी करावी, हे कोलोरॅडो राज्यातील कोस्टिया काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या, उदाहरणावरून समजते.

येथे पाच एकरांचे भूखंड स्वस्तात मिळतात. मात्र सुमारे २,४०० मीटर उंचीवरील या खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दहिवराचे भय नसलेला काळ सुमारे तीन महिन्यांचाच असतो.

त्याहून कळीचा प्रश्न पाण्यावरील हक्काचा. ज्याचा वापर आधीचा, त्याचा हक्क पहिला, हे राज्याचे तत्त्व आहे. सॅन लुई गावच्या कालव्याचा हक्क तर १८५२ सालचा आहे. ३५ एकरांहून लहान भूखंडावरील नव्या विंधन विहिरीचे पाणी साधारणतः घरातच वापरावे लागते. ते भाजीपाल्याला देता येत नाही. २०१६च्या कायद्याने छपरावरील पाणी साठवण्याची मुभा दिली, तीही दोन पिंपांत मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटरपुरतीच.

म्हणूनच जमिनीचा भाव विचारण्यापूर्वी विहिरीच्या परवान्यातील अटी वाचणे श्रेयस्कर. पाण्याचा हक्क नसलेल्या जमिनीवर घर उभे राहील, पीक नव्हे.