स्पेशल फोर्सेससाठी अर्ज नसतो
लेखमाला : सीमाभागातून सैन्यात – लेखांक सातवा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : पॅरा कमांडोत जायचं तर फॉर्म कुठं भरायचा? उत्तर एका ओळीत संपतं. लष्कराच्या स्पेशल फोर्सेससाठी साध्या नागरिकाला भरता येईल असा फॉर्मच नाही. आधी सैनिक व्हायचं, मग सैनिक म्हणून स्वेच्छेनं नाव द्यायचं आणि त्यानंतर निवडीला सामोरं जायचं. अनेकांना ही सरकारी आडवळणाची पद्धत वाटते. माझं म्हणणं उलट आहे. अर्ज नसणं हीच या निवडीची पहिली पायरी आहे आणि ती ज्याला नीट कळली त्याची तयारीची दिशाच बदलते.

हा गैरसमज याच भागात घट्ट का रुजला, तेही समजण्यासारखं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. मध्य प्रदेशातल्या महूच्या इन्फंट्री स्कूलची ज्युनिअर लीडर्स विंगही इथंच आहे आणि तिच्यात कमांडो प्रशिक्षण चालतं. खानापूर तालुक्यात तोराळीला केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कोब्रा तुकड्यांची जंगलयुद्धाची शाळा आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. एवढं सगळं एका जिल्ह्यात असलं की गावात एकच चित्र तयार होतं : कमांडो इथंच घडतात, म्हणजे भरतीही इथंच होत असणार. प्रत्यक्षात बेळगावचा कमांडो कोर्स म्हणजे स्पेशल फोर्सेसची निवड नव्हे. देशभरच्या पलटणींमधले अधिकारी आणि जवान तो करायला येतात, खंजिराचा बिल्ला मिळवतात आणि आपापल्या पलटणीत परत जातात. पायदळाच्या प्रत्येक पलटणीत घातक नावाची साधारण वीस जणांची प्लाटून असते, छापे आणि टेहळणीसाठी पुढं धाडली जाणारी. या कोर्सचा मोठा उपयोग त्या प्लाटूनला होतो. पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेस पलटणींचा रस्ता वेगळा आहे आणि त्या रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र बेंगळुरूला आहे.

त्या रस्त्याचा पहिला टप्पा मात्र सगळ्यांसारखाच. तुमचा रहिवास ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याच्या भरती कार्यालयाकडे नोंदणी. म्हणजे कोगनोळीचा मुलगा बेळगावच्या कार्यालयाखाली येतो आणि शेजारच्या कागलचा कोल्हापूरच्या. दोघांची भाषा एक, शेतं लागून, पण रहिवासी दाखला एकाचा कन्नडमधून निघतो आणि दुसऱ्याचा मराठीतून. सीमाप्रश्नाचा हा अगदी व्यावहारिक चेहरा. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी दिलाशाची गोष्ट अशी की २०२५ पासून लेखी परीक्षेच्या तेरा भाषांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. लेखी निघाली की ग्राउंड. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत संपवले तर पूर्ण साठ गुण, दहा बीम मारले तर चाळीस, नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग तोलकाठी फक्त पार करायची. त्यानंतर मेडिकल आणि मेरिट. या सगळ्यात स्पेशल फोर्सेसचा रकाना कुठंच नाही. निवड झालेल्यांपैकी काही जण पॅराशूट रेजिमेंटसाठी घेतले जातात आणि बेंगळुरूला प्रशिक्षणाला जातात. बाकीचे इतर रेजिमेंटमध्ये जातात आणि तिथं नोकरी करता करता पुढं स्वेच्छेनं नाव देऊ शकतात. दोन्ही वाटा शेवटी प्रोबेशनच्या, म्हणजे निवडीच्या परीक्षाकाळाच्या, दारातच येतात.

हे प्रोबेशन पूर्वी तीन महिन्यांचं असे, अलीकडे स्पेशल फोर्सेससाठी सहा महिन्यांचं सांगतात. त्यातल्या परीक्षांचा तपशील पलटणी जाहीर करत नाहीत आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या कहाण्यांतला निम्मा मसाला असतो. काच चावण्याच्या गोष्टी मुलांना तोंडपाठ असतात, नकाशावाचन कोणाला येत नाही! ठाऊक असलेल्या गोष्टी साध्या आहेत. वजन पाठीवर, झोप कमी, अंतर लांब, आणि पुढं काय आहे हे आधी सांगायचं नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोणत्याही क्षणी ‘मला थांबायचं आहे’ एवढं म्हणायची मोकळीक. म्हटलं की संपलं, शिक्षा नाही, माणूस आपल्या पलटणीत परत. पाठपिशवीचे पट्टे खांद्याची कातडी सोलत असतात, बुटात फोड फुटलेले असतात, किती चाल उरली ते माहीत नसतं, आणि थांबायला एका वाक्याचाच अवकाश असतो. भरतीच्या मैदानावर असं काही नसतं. तिथं साडेपाच मिनिटं जीव तोडून पळायचं असतं आणि रेषा डोळ्यांसमोर असते. इथं रेषा दिसत नाही आणि दार सताड उघडं असतं. पहिल्या दिवशी नाव दिलं म्हणजे इच्छा सिद्ध झाली असं पलटण मानत नाही. ती इच्छा रोज नव्यानं सिद्ध करावी लागते. एका कागदावर एकदा सही करून मोकळं होता येईल, असला हा प्रकार नाही.

आता कोणी विचारेल, इच्छुक मुलं आधीच हेरून थेट का घेऊ नयेत? याचं उत्तर इतिहासात आहे. ब्रिटिशांच्या एसएएस या स्पेशल फोर्सेस दलानं १९५० साली मलायाच्या जंगलासाठी नवी तुकडी घाईघाईनं उभी केली, तेव्हा माणसं जवळपास नाव दिलं की घेतली गेली. त्यांत चांगले होते तसे इतर पलटणींना नकोसे झालेलेही होते आणि बेशिस्तीच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. त्यातून धडा घेऊन १९५२ मध्ये जॉन वुडहाऊस या अधिकाऱ्यानं वेल्सच्या डोंगरांत निवडीची पद्धत बसवली : वजन घेऊन, नकाशा घेऊन, एकट्यानं चालायचं. तीच कल्पना पुढं अनेक देशांनी उचलली. आक्षेप घेणारा अमेरिकेकडे बोट दाखवेल आणि ते रास्त आहे. तिथं साधा नागरिकही स्पेशल फोर्सेसचा उमेदवार म्हणून थेट नाव नोंदवू शकतो. पण त्या करारात हमी फक्त निवडीला बसायला मिळण्याची. त्याआधी पायदळाचं आणि हवाई छत्रीचं प्रशिक्षण त्यालाही करावंच लागतं आणि निवडीत नापास झाला तर सैन्य पाठवेल तिथं जावं लागतं. म्हणजे फॉर्म असलेल्या देशातही फॉर्मनं काम भागत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या भागातला आहे आणि तो अभिमानाच्या सुरात येतो : मराठ्यांच्या रक्तातच हे आहे, आमच्या पोरांना वेगळी परीक्षा कशाला? पुरावाही दिला जातो आणि तो खरा आहे. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली ती तीन पलटणींतून आणि त्यांतली एक मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. तीच दुसरी पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलजवळ उडी घेऊन पुंगलीचा पूल ताब्यात घेणारी, मैमनसिंगहून ढाक्याकडे मागं सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवणारी हीच पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचं नेतृत्व करत होते. पुढं तीही स्पेशल फोर्सेसची पलटण झाली. दुसरं उदाहरण तर थेट बेळगावचं. १९८५ मध्ये इथं उभी राहिलेली एकविसावी मराठा लाइट इन्फंट्री १९९६ मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली, तिचं नाव वाघनख. सातारच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीतले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात राष्ट्रीय रायफल्सच्या पलटणीचं नेतृत्व करताना ते हुतात्मा झाले.

पण या इतिहासातून रक्ताचा निष्कर्ष काढता येत नाही. लढवय्या जातींचा सिद्धांत इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी रचला, १८५७ नंतर कोणाला बंदूक द्यायची आणि कोणाला नाही हे ठरवायला. एकविसावी मराठा पलटण स्पेशल फोर्सेस झाली तेव्हा नुसतं पलटणीत असणं पुरेसं धरलं गेलं नाही, त्या जवानांनाही निवडीतून जावं लागलं. आज पॅराशूट रेजिमेंटमध्ये देशाच्या सगळ्या भागांतली, सगळ्या जातिधर्मांची मुलं असतात. परंपरा घरात असल्याचा फायदा एकच : सैन्यातलं आयुष्य कसं असतं ते मुलाला आधी कळलेलं असतं. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात घरोघर फौजी आहेत, तिथल्या मुलाला सुट्टी, बदली, घरापासूनचा दुरावा समजावून सांगावा लागत नाही. फायदा मोठा आहे, पण तो माहितीचा आहे.

मग तयारी कशाची करायची? निपाणी, कागल, बेळगावात भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादम्यांची कमी नाही आणि काहींच्या फलकावर ‘कमांडो ट्रेनिंग’ असं ठळक लिहिलेलं असतं. पळण्याची, बीमची तयारी त्या चांगली करून घेतात, ती हवीच. पण अमेरिकी लष्कराच्या स्पेशल फोर्सेस निवडीतल्या उमेदवारांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की शारीरिक क्षमता आणि बुद्धी हिशेबात धरूनही चिकाटीचा गुण जास्त असलेले उमेदवार टिकण्याची शक्यता अधिक होती. याचा अर्थ धावणं बिनमहत्त्वाचं आहे असा नव्हे. दमसास तर हवाच, तो नसेल तर चिकाटी दाखवायची वेळच येत नाही. मुद्दा असा की चिकाटी तीन महिन्यांच्या वर्गात शिकवून होत नाही आणि ती आहे की नाही हे फीच्या पावतीवरून कळत नाही. ‘थेट पॅरा कमांडोत लावतो’ म्हणणाऱ्याला तर पैसे देऊच नयेत. जो फॉर्मच नाही, तो तो कुठून भरणार?

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जून २०२२ पासून जवान म्हणून प्रवेश अग्निपथमधूनच आहे. चार वर्षांची नोकरी आणि योजनेनुसार त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम. मूळ प्रशिक्षण, मग प्रोबेशन, आग्र्याला हवाई छत्रीच्या किमान पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची, त्यानंतर स्फोटकं, संदेशवहन, वैद्यकीय मदत असलं एखादं खास कौशल्य. यात चारांतली बरीच वर्षं जातात आणि माणूस तयार होतो तेव्हा परतीची तारीख जवळ आलेली असते. अनुभवावर उभ्या असलेल्या पलटणीला हे परवडणारं नाही, असं मला वाटतं. पण उमेदवारानं यातून एवढंच काढावं की नाव द्यायचं असेल तर पहिल्या संधीला द्यावं आणि घरच्यांना चार वर्षांचा हिशेब आधी सांगून ठेवावा, खासकरून जिथं बहिणीचं लग्न किंवा शेतीचं कर्ज त्याच्या पगारावर ठरलेलं असतं.

राहता राहिली परत आल्याची लाज. प्रोबेशनमधून पलटणीत परत पाठवलेल्या जवानाला गावात ‘नापास झाला’ म्हणतात. फौजेत तसं नसतं. नाव देणारे बहुसंख्य परतच येतात, आणि येताना नकाशा, वजन, रात्रीची चाल यांचा असा सराव घेऊन येतात की घातक प्लाटूनचा कमांडर त्यांच्याकडे आधी बघतो. घातक प्लाटूनमधून पुढं बेळगावच्या कमांडो कोर्सला जायची वाट असतेच.

पुढच्या लेखांकात मेडिकल : रंगांधळेपणा, सपाट तळवे आणि ‘तात्पुरता अपात्र’ शेरा मिळाल्यावर करायचं अपील.