समुद्रावर हरवलेल्यांची नावं

मैत्रिणींनो, आम्ही वालूरचे लोक. आमच्याकडे पाणी म्हणजे बारव नाहीतर विहीर. समुद्र कोसो दूर! तरीही किनाऱ्यावरच्या बायकांचं एक दुःख आज तुम्हांला सांगायचं आहे.

लढाई म्हटली की आपल्याला बंदूकवाले शिपाईच आठवतात. पण दोन्ही महायुद्धांत धान्य, कोळसा, दारूगोळा वाहणारी व्यापारी जहाजं चालवली कुणी? त्यांत आपले खलाशी होते, भंडारी होते, बॉयलरपुढे कोळसा ओढणारे आगवाले होते. कितीतरी जण रत्नागिरीकडचे. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, की तळाशी राबणाऱ्या आगवाल्याला वर यायला वेळ कुठला?

ना प्रेत, ना राख. घरच्या बाईनं कुंकू पुसायचं, की वाट पाहायची?

मुंबईत मस्जिद बंदरला १९३१ मध्ये उभं राहिलेलं ‘इंडियन सेलर्स होम’ आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रानंच गिळलेल्या २,०००हून अधिक नाविकांचं ते स्मारक. १९३९-४५ च्या युद्धातल्या सुमारे ६,००० व्यापारी खलाशांची नावंही तिथल्या नोंदवहीत आहेत. तिची दुसरी प्रत बांगलादेशात, चितगावला.

तुमच्या सासरी-माहेरी असं कुणी हरवलेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. पैसे पडत नाहीत. इंग्रजी स्पेलिंग मात्र दोन-चार तऱ्हांनी घालून पाहा. आणि ५ एप्रिलला, राष्ट्रीय सागरी दिनी, मुलांना या माणसांबद्दल जरूर सांगा. नाव सापडलं, तर निदान ते घरात उच्चारलं तरी जाईल!