आय-94 वरची तारीख

नवीन क्लायंट समोर बसला की पासपोर्टमधलं व्हिसाचं पान उघडून दाखवतो. मी ते बघते, पण इमिग्रेशन वकील म्हणून माझं काम सुरू होतं आय-94 पासून, म्हणजे अमेरिकेत प्रवेश करताना होणाऱ्या नोंदीपासून. व्हिसा दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचं ते आय-94 वरची तारीख ठरवते. पूर्वी विमानतळावर हे कार्ड पासपोर्टला टाचून द्यायचे. 2013 पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते ऑनलाइन झालं आणि लोकांच्या नजरेआड गेलं.

इथेच घोळ होतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीने केलेल्या अर्जाच्या मंजुरीपत्रावर तीन वर्षांपर्यंतची मुदत असते, पण पासपोर्ट सहा-आठ महिन्यांत संपणार असेल तर अधिकारी बहुतेकदा त्याच तारखेपर्यंत प्रवेश देतो. पुढे पासपोर्ट नवा काढला तरी आय-94 आपोआप पुढे सरकत नाही. माणूस रोज कामावर जातो, टॅक्स भरतो, आणि त्याची मुदत मात्र कधीच उलटून गेलेली असते. तारीख उलटल्यावर 180 दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत यायला बंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. हा 1996 चा कायदा आहे. म्हणून मी मंजुरीपत्र, पासपोर्ट आणि आय-94 टेबलावर शेजारी शेजारी ठेवते आणि तिन्हींवरच्या तारखा पेन्सिलने एका कागदावर उतरवून घेते. क्लायंटला वाटतं, बाई वेळ काढतेय. वाटू दे.

ही सवय वकिलीतली नाही. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. सगळं सुरळीत चाललंय असं दिसत असताना ते कुठे मोडेल हे शोधायचं, हेच काम. लग्नानंतर न्यू जर्सीत आले ती नवऱ्याच्या एच-1बीवर डिपेंडंट म्हणून, म्हणजे एच-4 व्हिसावर. एच-4 वर शिकता येत होतं, नोकरी करता येत नव्हती. फेब्रुवारी 2015 मध्ये नियम निघाला: ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डासाठीचा आय-140 अर्ज मंजूर आहे, अशा एच-4 वाल्यांपैकी बऱ्याच जणांना कामाचा परवाना मिळणार. मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सारांश वाचला. मी फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रातला मूळ नियम वाचायला घेतला आणि मध्यरात्र उलटली तरी उठले नाही.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट कळली. एच-1बीचा अर्ज कंपनी करते, वकील कंपनी नेमते, पत्रव्यवहारही त्यांच्यातच चालतो. ज्याच्या आयुष्याची फाइल आहे त्याला ती पूर्ण बघायला मिळेलच असं नाही. ले-ऑफ झाला की हा माणूस आमच्यासारख्यांकडे धावत येतो, तेव्हा देशात राहायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. आय-94 त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत.

मग लॉ स्कूल. संध्याकाळचे वर्ग, नेवार्कची लोकल, मांडीवर जाडजूड केसबुक. अर्धवेळ शिकलं तर साधारण चार वर्षं लागतात. त्यानंतर दोन दिवसांची बार परीक्षा. एक दिवस लेखी, एक दिवस 200 बहुपर्यायी प्रश्न. करार, मालमत्ता, फौजदारी सगळं विचारतात, इमिग्रेशन विचारतच नाहीत. ते वरिष्ठांच्या हाताखाली फायली उपसून शिकावं लागतं. वकिलीची सनदही एकेकाळी सगळ्यांना खुली नव्हती; कनेटिकट राज्य नागरिक नसलेल्यांना ती देत नसे. 1973 मध्ये एका डच बाईने सुप्रीम कोर्टात तो नियम रद्द करून घेतला. तिचं नाव ग्रिफिथ्स. आमच्यासारख्यांनी ते लक्षात ठेवायला हवं.

मराठी असण्याचा उपयोग होतो तो कागद वाचताना. परवा साताऱ्याकडच्या एक काकू आल्या होत्या. मुलगा नागरिक झालाय आणि आई-वडिलांसाठी अर्ज करतोय. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोरा, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली. दाखल्यावर आईचं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं; आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा वेगळं. परक्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटणार. मी विचारलं, “काकू, लग्नात नाव बदललं का?” त्या म्हणाल्या, “अगं, मग! सासूबाईंनी ठेवलं. ते कशाला सांगायचं म्हणून मी बोललेच नाही.” मग शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची नोंद आणि जन्म-लग्न प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं अशी साखळी जोडली. फॉर्मवर ‘पूर्वी वापरलेली नावं’ असा रकाना असतो. आपल्या बायकांच्या बाबतीत तो कधीही रिकामा सोडू नये.

सगळ्यात जड जातं ते नेवार्कचं इमिग्रेशन कोर्ट. न्यायाधीश आधी विचारतात, भाषा कोणती, वकील आहे का. फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकारी वकील मिळतो. हद्दपारीचा खटला दिवाणी मानला जातो, म्हणून इथे केंद्र सरकारच्या खर्चाने वकील मिळत नाही. समोर सरकारचा वकील उभा, इकडे कडेवर पोर घेतलेली बाई एकटी. हे अन्यायाचं आहे, आणि रोज बघूनही मला त्याची सवय झालेली नाही.

अशा एकट्या माणसांना एजंट गाठतात. कोरा फॉर्म पुढे करतात, “इथे सही करा, बाकी मी बघतो” म्हणतात. त्या सहीखाली अर्जदार शपथेवर सांगतो की आतलं सगळं खरं आहे. खोटं निघालं तर भोगायचं त्यानेच. तेव्हा इथे असाल किंवा तुमचं कुणी इथे असेल, तर एवढं करा. भरलेला फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. पूर्ण अर्जाची प्रत मागून घ्या. वकील असेल तर तो फाइलवर जी-28 हा फॉर्म लावून स्वतःचं नाव नोंदवतो, आणि त्याची सनद राज्याच्या यादीत कुणालाही फुकट तपासता येते. वकील नसलेल्या कुणी फॉर्म भरून दिला असेल, तर त्याचंही नाव आणि सही शेवटच्या भागात लागते. जो स्वतःचं नाव घालायला तयार नाही, त्याला पैसे देऊ नका.