हाड जोडणारी वेल

मराठीत अस्सल माणसाला आपण ‘हाडाचा’ म्हणतो. हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. जे पक्कं, कधी न बदलणारं, ते हाड, अशी आपली समजूत. शरीरशास्त्र मात्र वेगळं सांगतं. हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड विरघळवत असतात, तर काही त्या जागी नवं हाड रचत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. मोडलेलं हाड सांधतं तेही या गवंडी पेशींमुळेच.

आमच्या वाटूरकडे हाड मोडलं की कोणीतरी एका वेलीचं नाव घेतंच. कोणी तिला कांडवेल म्हणतं, कोणी हाडसांधी. माझी नानी ‘हड्डीजोड’ म्हणायची. चौधारी, कांड्याकांड्यांची ही वेल द्राक्षाच्या कुळातली. संस्कृतात ती ‘अस्थिसंहार’. मी शब्दांत रमणारा माणूस, त्यामुळे या नावाशी थबकलो. इथे संहार म्हणजे नाश नव्हे. एकत्र आणणं, सांधणं.

या वेलीची परीक्षा प्रयोगशाळेतही झाली. काशी हिंदू विश्वविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात तिच्यावर अभ्यास केला. हाड मोडलेल्या उंदरांना वेलीचा अर्क दिला आणि किरणोत्सारी कॅल्शियमच्या मदतीने जोडावर लक्ष ठेवलं. अर्क मिळालेल्या उंदरांची हाडं लवकर बळकट झाली. पुढे जबडा मोडलेल्या रुग्णांवरही आपल्याकडे अभ्यास झाले. त्यांतून आशा वाटावी असं दिसलं. पण ते अभ्यास लहान होते.

दुसरं उदाहरण आपल्या शिवारातलंच आहे. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही द्रव्यं असतात. त्यांची घडण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. पाळी गेल्यावर हे संप्रेरक घटतं, हाड विरघळवणाऱ्या पेशी मोकाट सुटतात आणि बायकांची हाडं पोकळ होऊ लागतात. ही उणीव सोयाबीन भरून काढेल का? इटलीत ३८९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००७ मध्ये आला : रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दोन वर्षं घेणाऱ्यांच्या हाडांची घनता वाढली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या २४८ स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. त्यांना रोज २०० मिलिग्रॅम सोया-द्रव्यं दिली होती. तीही दोन वर्षं. हाडांची झीज थांबली नाही. प्रश्न अजून मिटलेला नाही. आणि गंमत अशी, की ही द्रव्यं तेलात जवळजवळ उतरतच नाहीत, पेंडीत राहतात. शेतकरी सोयाबीन विकतो, तेल विकत आणतो आणि पेंड कोंबड्या खातात.

तिसरं झाड पळस. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत त्याच्या खोडाच्या सालीपासून शोध सुरू झाला आणि तो कॅजानिन या द्रव्यापर्यंत पोहोचला. तुरीच्या शास्त्रीय नावावरून त्याला हे नाव मिळालं. २००९ मध्ये या अभ्यासाची माहिती प्रसिद्ध झाली. या द्रव्याने हाड रचणाऱ्या पेशींची संख्या वाढली, त्या पक्वही झाल्या, आणि हे इस्ट्रोजेनच्या वाटेने न जाता. पण तेही पेशींवर आणि उंदरांवर. पळसाची साल उकळून प्यावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रयोगशाळेतलं मोजलेलं द्रव्य वेगळं आणि चुलीवरचा काढा वेगळा.

मग हाड जोडतं कोण? हाडच हाड जोडतं. ते जागेवर बसलं आणि हललं नाही, तर वेल असो वा नसो, बहुतेक वेळा जुळतं. म्हणूनच पाल्याचा लेप लावणाऱ्यालाही यश मिळतं आणि श्रेय लेपाला जातं. वनस्पती फार तर गवंड्याचा हात जरा चपळ करील. वाकडी भिंत ती सरळ करू शकत नाही.

ही गोष्ट समजून घेण्यावर एखाद्याचा हातपाय अवलंबून असतो. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि बोटं गार, काळीनिळी, बधिर झाली, तर रक्त थांबलेलं असतं. तिथे तासांचा हिशेब असतो. उशिराने हात कापावा लागतो. म्हणून आधी दवाखाना, आधी एक्स-रे. वेलीचं औषध नंतर, तेही डॉक्टरांना सांगून. कच्ची कांडवेल तोंडात घालू नये. तिच्यातल्या सुईसारख्या खड्यांनी घशाला खाज सुटते.

आणि हाड मोडण्याआधीचं काय? दूध, तीळ, नाचणी, पालेभाजी, डाळ, अंगावर थोडं ऊन, आणि चालणं. भार पडला की गवंडी पेशी कामाला लागतात. घरातल्या म्हाताऱ्या आईच्या ताटात तीळकूट वाढा, आणि न्हाणीघरातली निसरडी फरशी आजच खरखरीत करून घ्या. खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, तर कुठलीच वेल तिला सहज उठवू शकत नाही.